पिकअपच्या खालचं लाकूड

गेल्या दिवाळीत सांगलीला घरी जाताना इलेक्ट्रिक गिटार सोबत नेली होती आणि एका बिस्किटाच्या डब्यात सोल्डरिंग आयर्न, कथलाची तार, मल्टिमीटर आणि कुरिअरने आलेलं एक हंबकर पिकअप, म्हणजे तारांखाली बसणारा, त्यांच्या थरथरण्याची वीज करणारा दोन कॉइलचा भाग. पाडव्याला दुपारी जेवणं उरकल्यावर पडवीत सतरंजी टाकली, तारा काढल्या, पिकअपच्या रिंगचे चार स्क्रू सोडवले आणि नेकजवळचं, म्हणजे दांड्याजवळचं, पिकअप उचलून बाजूला ठेवलं. अण्णा शेजारी खुर्चीत दिवाळी अंक चाळत बसले होते, ते वाकून बघायला लागले, पिकअपकडे नाही, त्याच्या खालच्या खड्ड्यात. तिथपर्यंत पॉलिशचा हात पोचलेला नसतो, कोरं लाकूड दिसतं. अण्णांनी मला मोबाईलचा टॉर्च धरायला लावला, आत बोट घालून नखाने खरवडलं, आणि विचारलं, "काय लाकूड म्हणून घेतलीस ही?"

"महोगनी."

"महोगनी नव्हं हे. चौकटीला ते मलेशियाचं मरांटी येतं बघ वखारीत, त्यातलं दिसतंय. आणि एक फळी पण नाही, तीन जोडल्यात. जोड मात्र चांगला मारलाय."

अण्णांनी चाळीसेक वर्षं सुतारकाम केलंय, देव्हाऱ्यापासून लग्नाच्या पलंगापर्यंत सगळं. लाकडाच्या बाबतीत ते बोलले की मी वाद घालत नाही. विकणाऱ्याने फसवलं असंही नाही म्हणता येणार, कारण मरांटीला लाकडाच्या व्यापारात फिलिपिन्स महोगनी असं नाव पडलेलंच आहे. पण नातं काही नाही त्यांचं. खरी महोगनी आपल्या कडुनिंबाच्या कुळातली, आणि मरांटी सालाच्या. मी खड्ड्यात बघत बसलो. कारण मागचे सहा महिने मी जे काही वाचलं, जे पैसे घातले, जे ठरवलं, ते सगळं "माझी गिटार महोगनीची आहे" या एका वाक्यावर उभं होतं.

ज्यांनी कधी गिटारचं पिकअप बदलायचा विचार केलाय त्यांना हे तक्ते माहीत असतील. महोगनी म्हणजे उबदार, गडद, तिला ब्राइट पिकअप लावा. ॲश आणि मेपल म्हणजे चमकदार, त्यांना भरदार पिकअप लावा. अल्डर म्हणजे संतुलित, काहीही चालेल. बासवूड म्हणजे मधल्या सुरांचं लाकूड. आपल्याकडे उष्ण प्रकृतीच्या माणसाला थंड द्यायचं आणि थंड प्रकृतीला उष्ण, तसंच हे, आणि म्हणूनच मला ते लगेच पटलं असणार. ऐकायला इतकं नीटनेटकं वाटतं की पुढचा प्रश्नच सुचत नाही.

माझी तक्रार खरी होती. पुण्यात सेकंडहँड घेतलेली ही दोन हंबकरची इंडोनेशियन गिटार, पुलाजवळचं, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथलं, पिकअप ठीकठाक, पण नेकजवळचं लावलं की सगळं गढूळ व्हायचं, थोडं डिस्टॉर्शन दिलं की कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळून लापशी व्हायची, आणि खालच्या दोन तारा तर नुसत्या घुमायच्या. तक्ता म्हणाला महोगनी गडद असते, ब्राइट टाक, आणि ब्राइट म्हणजे सिरॅमिक मॅग्नेट असंही कुठेतरी वाचलेलं डोक्यात बसलं होतं. म्हणून एक वापरलेलं, जोरदार आउटपुटवालं सिरॅमिक पिकअप साडेचार हजाराला घेतलं, मल्टिमीटरवर सोळा किलोओहमच्या वर दाखवत होतं. बसवलं. आवाज मोठा झाला, आणि आधीपेक्षा जास्त गढूळ झाला. दोन महिने मी ते तसंच वाजवलं, कारण चूक माझ्या कानाची असेल असं वाटत होतं.

ती चूक कुठे होती हे सांगतो, कारण पिकअप घेणारे निम्मे लोक इथेच अडकतात असं मला वाटतं. पिकअप म्हणजे एक मॅग्नेट आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरते, मॅग्नेटमुळे तीही जराशी चुंबक झालेली असते, तिच्या हलण्याने कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. बास. माइकसारखं ते हवेतला आवाज ऐकत नाही, आणि लाकूड चुंबकाला दिसतच नाही. आता वेढे वाढवले की आउटपुट वाढतो हे खरं, पण वेढे वाढले की इंडक्टन्सही, म्हणजे झटपट बदलणाऱ्या विजेला अडवायचा कॉइलचा गुणही, वाढतो, आणि कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवायचा तिचा गुण, मिळून एक शिखर तयार होतं, त्या शिखराच्या आसपासचे सूर उठून ऐकू येतात आणि त्याच्या वरचे झपकन गळून जातात. नेहमीच्या पाचसहा मीटरच्या केबलवर स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या, एका कॉइलवाल्या (सिंगल कॉइल) पिकअपचं शिखर साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास येतं, जुन्या पद्धतीच्या हंबकरचं ३००० च्या आसपास, आणि माझ्या त्या सोळा किलोओहमवाल्यासारख्यांचं आणखी खाली, २००० च्या थोडं वर. म्हणजे मला चमक हवी होती आणि मी चमक सगळ्यात आधी जिथे कापली जाते ते पिकअप आणून बसवलं. सिरॅमिक मॅग्नेट हे स्वतः काही ब्राइट नसतं, ते जोरदार असतं आणि स्वस्त असतं, आणि ते बहुतेक वेळा भरपूर वेढ्यांच्या कॉइलसोबत येतं, मग आवाज कॉइलचा आणि नाव मॅग्नेटचं असं होतं.

आणि किलोओहमचा आकडा, जो प्रत्येक जाहिरातीत पहिला लिहिलेला असतो, त्यावरही मी आंधळा विश्वास टाकला होता. जास्त वेढे तेवढ्याच बॉबिनवर बसवायचे तर तार आणखी बारीक घ्यावी लागते, आणि बारीक तारेचा रेझिस्टन्स तसाही जास्त असतो. त्यामुळे आकडा दुप्पट म्हणजे ताकद दुप्पट असं होत नाही. एकाच तारेच्या, एकाच जातीच्या दोन पिकअप्सची तुलना करायला तो आकडा कामाचा आहे, बाकी नाही.

मग लाकडाचं काय? इथे मला मिरज आठवते. लहानपणी अण्णांसोबत मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलोय, त्यांचं तिथे काहीतरी लाकडाचं काम होतं. वाळायला टांगलेले मोठे मोठे भोपळे, आणि एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीवर, बोटाने टकटक करून कान देऊन ऐकत होते, परत थोडं तासत होते, परत ऐकत होते. तंबोऱ्यात ते तसंच असणार, कारण तिथे भोपळा आणि तबली हेच आवाज हवेत फेकतात. लाकूड जाड राहिलं, ओलं राहिलं तर आवाज बसतो. अकौस्टिक गिटारचंही तेच. पण इलेक्ट्रिक गिटारमध्ये हवेत आवाज फेकायचं काम स्पीकर करतो. आपण तंबोऱ्याचं ज्ञान जसंच्या तसं उचलून एका भरीव फळीवर लावतो आणि तिथे घोळ होतो. उलट माझ्या मते पिकअप बदलणं हे तंबोऱ्याची जवारी काढण्यासारखं आहे. खुली जवारी, बंद जवारी म्हणतात ना, भोपळा तोच, तार तीच, पण वरचे स्वरांश किती उघडे ठेवायचे ते जवारी ठरवते. पिकअपचं ते शिखर वर किंवा खाली सरकवणं म्हणजे अगदी तेच.

इतिहासातही हे दिसतं. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात जॉर्ज बोशँप आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी जी इलेक्ट्रिक हवाईयन गिटार बाजारात आणली, जिला तिच्या आकारामुळे लोक फ्राइंग पॅन म्हणायला लागले, तिचं सगळं अंग ओतीव ॲल्युमिनियमचं होतं. म्हणजे बाजारात चाललेल्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकूड नव्हतंच. त्यानंतर आठनऊ वर्षांनी गिटारवादक लेस पॉल यांनी चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप लावून वाजवलं, आणि लोकांना ती गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना नेहमीच्या गिटारचे अर्धे भाग चिकटवले. लिओ फेंडर तर रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये ॲशच्या लाकडात आली आणि १९५६ पासून बहुतेक अल्डरमध्ये व्हायला लागली, कारण अल्डर सहज मिळत होतं आणि त्यावर रंग चढवायला कमी कष्ट होते. आणि आता २०२० मध्ये फेंडर कंपनीने जाहीर केलं की नेहमीच्या बहुतेक मॉडेल्समध्ये ॲश वापरणार नाही, कारण अमेरिकेत एक किडा ॲशची झाडं खाऊन टाकतोय आणि ज्या दलदलीत हलकं ॲश वाढतं तिथे पूर येऊन तोड थांबते. आपण ज्याला सुराची निवड म्हणतो त्यात वखारीत काय आहे हा भाग किती मोठा असतो हे अण्णांना सांगितलं तर त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. "मग, वखारीत असेल तेच लावणार की माणूस," म्हणाले.

पण मला असंही म्हणायचं नाहीये की लाकडाने काहीच होत नाही. हल्ली इंटरनेटवर ते म्हणणारेही खूप झालेत आणि मला ते अर्धवट वाटतं. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला ताई आली, सोबत भाची, आणि भाचीच्या खांद्याला तिची गिटार. स्ट्रॅटच्या घडणीची, बोल्टने जोडलेला मेपलचा नेक. तिची तक्रार अशी की 'जी' सुराच्या तारेवर पाचव्या फ्रेटचा, म्हणजे दांड्यावरच्या पाचव्या आडव्या पट्टीचा, सूर लगेच मरतो, सोलोमध्ये तिथे ताण घ्यायचा असतो आणि तो सूर टिकतच नाही. "मामा, तू नवीन पिकअप टाकतोयस ना, माझं पण बदलून दे." मी तारेवर वाजवून बघितलं, खरंच, शेजारचे सूर लांब जात होते आणि हा एकच टप्पकन बसत होता. आधी मी एक केलं, केबल काढून टाकली, आणि गिटारचा कोपरा कानाला लावून तोच सूर वाजवला. तिथेही मरत होता. म्हणजे पिकअपने ऐकायच्या आधीच तार थकत होती.

याला डेड स्पॉट म्हणतात आणि हा सरळ लाकडाचा, खरं तर नेकचा मामला आहे. नेकची स्वतःची एक लवण्याची चाल असते, एखाद्या स्वराला तो स्वतःच हलायला लागतो, आणि तो स्वर तारेवर वाजवला की तारेची ताकद नेक खाऊन टाकतो. फेंडर घडणीच्या गिटारवर 'जी' तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास हा बऱ्याचदा सापडतो. मी अण्णांना म्हटलं तुमचा छोटा शिकंजा द्या. त्यांनी कापडाची घडी मध्ये घालून तो शिकंजा स्वतःच्या हाताने गिटारच्या डोक्याला आवळला, रंगाला धक्का लागू नये म्हणून दोनदा तपासलं. भाचीने पाचवा फ्रेट वाजवला आणि सूर टिकला! ती एकेक फ्रेट खाली येत गेली आणि चौथ्यावर तोच मेलेला सूर सापडला. डोकं जड झालं, नेकची चाल मंदावली, आणि डेड स्पॉट खालच्या स्वरावर सरकला. अण्णा खुर्चीतून उठून खाली सतरंजीवर येऊन बसले. "म्हणजे दांडा खातोय आवाज," ते म्हणाले, आणि मग शिकंजा काढून परत लावून, थोडा सरकवून, स्वतः तीनचार वेळा तिला वाजवायला लावलं.

मला लाकडाबद्दल जे कळलंय ते एवढंच आहे आणि ते मी त्या दुपारी कळलं असं धरतो. लाकूड तारेला नवीन काही देत नाही, तार जे घेऊन निघते त्यातलं काही कुठे कुठे काढून घेतं. एका फ्रेटवर जास्त, दुसऱ्यावर कमी, आणि ते जातीवर कमी आणि त्या एका तुकड्यावर, त्याच्या ताठपणावर, जोडावर, नेकच्या जाडीवर जास्त अवलंबून असतं. तारेतून जे गेलं ते गेलं, जगातलं कुठलंही पिकअप ते परत आणू शकत नाही. आणि उरलं आहे त्यातलं काय पुढे करायचं आणि काय मागे ठेवायचं ते पिकअपच्या हातात आहे. म्हणून लाकडाचं नाव बघून पिकअप निवडायचं याला मला आता अर्थ वाटत नाही, पण लाकूड ऐकून निवडायचं याला आहे. केबल न लावता, शांत खोलीत, कोपरा कानाला लावून, सगळ्या तारांवर एकेक फ्रेट. कुठला सूर मरतो, खालच्या तारा ठोस वाजतात की ढिल्या, पहिला ठोका कसा येतो. जे तिथे ऐकू येतं पण ॲम्पमधून येत नाही, त्याचा दोष पिकअप आणि वायरिंगमध्ये शोधायचा. जे तिथेच नाही त्यासाठी पिकअपवर पैसे घालायचे नाहीत.

भाचीची दुसरी तक्रार पुलाजवळचं पिकअप कर्कश वाजतं अशी होती आणि ती तर पैसे न घालता सुटली. स्ट्रॅटच्या जुन्या वायरिंगमध्ये दोन टोन नॉब असतात, एक नेकच्या पिकअपला, एक मधल्याला, आणि पुलाजवळच्याला टोनच नसतो. सगळ्यात टोचणारं पिकअप आणि त्यालाच लगाम नाही. स्विचवर बोटभर वायरचा एक तुकडा जोडला, आता खालचा टोन पुलाजवळच्यालाही लागतो, तिने तो सातवर आणला आणि खूश. अल्डर, मेपल, काही विचारच करावा लागला नाही.

तसं माझ्या गिटारवरही निम्मं काम पिकअपच्या आधीच झालं होतं आणि ते मी दिवाळीच्या आधी पुण्यातच केलं होतं. पहिली गोष्ट उंची. नेकचं पिकअप तारांना जवळजवळ चिकटलेलं होतं, आणि नेकजवळ तार भरपूर हलते, त्यामुळे तिथे खालच्या सुरांचा लोंढाच येतो. शेवटचा फ्रेट दाबून तारेपासूनचं अंतर नेककडे ३/३२ इंच आणि पुलाकडे १/१६ इंच असं सुरुवातीला ठेवावं म्हणतात. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले पाऊण सूत आणि अर्धा सूत म्हण की, सुतारांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी त्याहीपेक्षा थोडं खाली नेलं, जाड तारांच्या बाजूला जास्त, आणि लापशी तिथेच बरीच पातळ झाली. दुसरी गोष्ट पॉट, म्हणजे नॉबखालचा कमीजास्त होणारा रेझिस्टन्स. हंबकरला ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट आणि सिंगल कॉइलला २५० चा असा साधारण रिवाज आहे, पॉट जितका लहान तितकी चमक जमिनीत जाते. माझ्या गिटारचा पॉट ५०० लिहिलेला होता, मोजला तर ३७० भरला. हे असं सर्रास असतं, वीस टक्के इकडेतिकडे तर कंपनीच चालवून घेते आणि हा त्याहून खाली होता. तपकीर गल्लीत गेलो, तिथे ५०० मागितलं की ४७० देतात, तोच आकडा आपल्याकडे चालतो आणि त्याने कानाला काही फरक पडत नाही, पण टिकाऊ मोठ्या आकाराचा पॉट हवा होता म्हणून शेवटी तो बाहेरून मागवला, बसवायचा मात्र पाडव्यापर्यंत राहिला. आणि तिसरी गोष्ट केबल. सहा मीटरची जुनी स्वस्त केबल काढून तीन मीटरची चांगली घेतली, कपॅसिटन्स निम्म्यावर आली, शिखर वर सरकलं. या तीन गोष्टींचा खर्च त्या सिरॅमिक पिकअपच्या निम्मासुद्धा नव्हता आणि नवा पॉट बसायच्या आधीच, जुनं मूळचं पिकअप परत लावल्यावर ते ऐकण्यासारखं झालं होतं.

मग नवीन घेतलंच कशाला असं विचाराल. घेतलं, कारण आता मला नक्की काय कमी आहे ते ऐकू येत होतं. केबल न लावता गिटार स्वच्छ वाजते, खालचे सूर ठोस आहेत, ठोका स्पष्ट आहे, आणि ॲम्पमधून मात्र मधल्या भागात थोडी गाठ राहते. म्हणजे मला कमी वेढ्यांचं, मधले सूर जरा मागे ठेवणारं नेक पिकअप हवं होतं. सेमूर डंकन कंपनीचं ५९ नावाचं मॉडेल घेतलं, अल्निको ५ (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचा) मॅग्नेट, साडेसात किलोओहमच्या आसपास. नावातला ५९ म्हणजे १९५९ च्या काळातले गिब्सनचे हंबकर. हंबकरची मूळ गोष्ट मला फार आवडते. सेथ लव्हर नावाच्या गिब्सनच्या इंजिनियरने १९५५ मध्ये त्याच्या पेटंटचा अर्ज केला, आणि त्यांना आवाज बदलायचा नव्हता, गुणगुण घालवायची होती. दोन कॉइल उलट्या गुंडाळून, उलट्या चुंबकांवर ठेवून जोडल्या की तारेचा आवाज बेरजेत येतो आणि विजेची गुणगुण वजाबाकीत जाते. ट्यूबलाइट, इन्व्हर्टर आणि वायरिंगला अर्थिंगच नाही अशा खोल्यांत वाजवणाऱ्या आपल्या लोकांना ती ५० हर्ट्झची गुणगुण म्हणजे काय हे सांगायला नको. पेटंट मिळाल्यावरही काही वर्षं त्या पिकअप्सच्या खाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' (इंग्रजीत 'पेटंट अप्लाइड फॉर') अशी चिठ्ठी लावायचे आणि तेच त्यांचं नाव पडलं, पीएएफ. गंमत म्हणजे ती सगळी एकसारखी नव्हतीच, वेढे अंदाजाने व्हायचे, हातात येईल तो अल्निको मॅग्नेट बसवायचे, कुणी सात किलोओहमचं तर कुणी नऊचं. म्हणजे त्या काळच्या दोन सारख्या महोगनीच्या, गिब्सनच्या लेस पॉल नावाच्या गिटारमध्ये वेगळा आवाज ऐकून लोक लाकडाला श्रेय देत असतील तेव्हा आतली पिकअप्सच वेगळी असण्याची शक्यता भरपूर.

पाडव्याला परत येतो. नवा पॉट बसेना, कारण आयात केलेल्या छोट्या पॉटसाठी पाडलेलं छिद्र लहान आणि मोठ्या पॉटचा गळा ३/८ इंचाचा. मी ड्रिल मागितलं तर अण्णा नाही म्हणाले, रंगाला तडा जाईल. गोल कानस घेऊन बसले, एका बाजूने चार हात, फिरवून चार हात, मधून मधून पॉट लावून बघत, वीस मिनिटं. "तीन सूत झालं बघ." अगदी घट्ट बसला. सोल्डरिंग माझं. इथे एक सांगून ठेवतो, चार वायरींच्या हंबकरमध्ये रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, सेमूर डंकनमध्ये काळी वायर गरम तर डिमार्झिओमध्ये लाल, आणि दोन कंपन्यांची पिकअप्स एका गिटारमध्ये लावताना एक जरी उलटं लागलं तर दोन्ही एकत्र वाजवल्यावर आवाज बारीक आणि नाकातून आल्यासारखा येतो. माझंही पहिल्यांदा तसंच झालं, कारण पुलाजवळचं पिकअप दुसऱ्या घराण्याचं. वायरी उलट केल्या आणि आवाज पोटातून आला.

संध्याकाळी तारा चढवल्या. छोटा ॲम्प होता, पाच वॉटचा. नेकचं पिकअप, थोडं डिस्टॉर्शन, ए मायनर, आणि पाची तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या. मी खूप वेळ तोच एक कॉर्ड वाजवत बसलो. स्वयंपाकघरातून आई म्हणाली हे बरं वाटतंय, मघाचं डोक्यात जात होतं.

आणि ते सिरॅमिक पिकअप? त्याचं काही वाईट नव्हतं हे आता कळतं. तेच मी नंतर माझ्या मित्राच्या पॉपलरच्या गिटारमध्ये पुलाजवळ लावून बघितलं, तिथे ते धारदार वाजलं, जाड तारांवर दणका आला. हे पॉपलरमुळे झालं असं म्हणायचा मोह होतो, पण त्या गिटारचा स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेपंचवीस इंचाचा, माझ्या गिटारचा पावणेपंचवीस, पूल वेगळा, तारा वेगळ्या जाडीच्या, आणि मुख्य म्हणजे पिकअपची जागा वेगळी, नेकजवळ जे घुमतं तेच पुलाजवळ आवळून येतं. लाकूड या सगळ्या रांगेत कुठेतरी मागे उभं असेल. मित्राने ते ठेवून घेतलं.

अण्णांचं मात्र त्या दिवसापासून मनात काहीतरी चाललं होतं. डिसेंबरात फोन आला की एका जुन्या वाड्याचं उतरवलेलं सागवान मिळालंय, तुळईचा तुकडा आहे, शंभरेक वर्षं मुरलेला, गाठ नाही, तुझ्या गिटारची मापं पाठव. मी कागदावर पूर्ण आकाराचं ड्रॉइंग काढून पाठवलं. नेक तयार आणलाय, मेपलचा, वर शिसवी पट्टी. ती पट्टी हातात घेऊन अण्णा म्हणाले ही आपल्याकडचीच शिसव, आणि असेलही, कारण ब्राझीलच्या शिसवीचा व्यापार बंद होत गेला तसं जगभरच्या गिटारवाल्यांनी भारतीय शिसवच धरली. २०१७ मध्ये त्या सगळ्या जातीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. आमच्या घरातलं आजोबांच्या वेळचं कपाट त्याच लाकडाचं आहे, अण्णांनी पट्टी त्या कपाटाच्या दाराला लावून रंग जुळवून बघितला.

सागवान जड आहे, म्हणून अण्णांनी पाठीमागून पोकळ करायचं ठरवलंय. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "पिकअप कुठलं घालायचं यात? तेवढा खड्डा मारून ठेवतो." मी म्हटलं नेहमीच्या हंबकरच्या मापाचा मारा, पण पिकअप अजून घेतलेलं नाही. आधी तारा चढवू या नुसत्या. तुम्ही कान लावून ऐका, मग मी ऐकतो.